प्रदर्शनाच्या कमानीखाली

भुतंखेतं, आत्मे वगैरे मी कधीच मानलं नाही. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरिंग शिकवणारा माणूस मी... म्हणूनच हे लिहायला वर्ष लागलं.

जळगावात आमच्या घराजवळ एक उद्यान आहे. पूर्वी तिथं शेतकी प्रदर्शनाचं मैदान होतं. उद्यान करताना जुनी आखणी तशीच ठेवली – स्टॉलच्या रांगांमधल्या वाटा वॉकिंग ट्रॅक झाल्या, धान्याच्या शेडची दगडी जोती बसायचे कट्टे झाली, आणि प्रवेशाची कमान होती तिथंच राहिली. माझे वडील, आबा, दरवर्षी फैजपूरहून केळीचे घड घेऊन प्रदर्शनाला यायचे. मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बजावायचे, "हरवले तं कमानीखाली उभे राहा. मी येतो."

गेल्या वर्षी आबा अठ्ठ्याऐंशीचे होते, दोन्ही डोळे गेलेले. अक्का वारली हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. दर रविवारी पाचोऱ्याहून तिची मुलगी अक्का बनून फोनवर बोलायची. आवाज अगदी आईचा!

एका दुपारी आबांना पहिल्यांदाच उद्यानात नेलं. मागच्या गेटातून शिरताच त्यांनी माझा हात सोडला. "केळीवाले डावीकडे," म्हणत काठी टेकत थेट कमानीखाली गेले. वाटा जुन्याच, त्यांना आठवत असतील – इथपर्यंत मला कळतं.

मग त्यांनी हात पुढे केला, डोक्यावरून फिरवावा तसा.

"कधीची उभी हायेस, विमल?"

विमल म्हणजे अक्का. तिथं कुणीच नव्हतं. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"'आबांले सांगू नको, जेवणार नाहीत ते' – असं म्हणाली ना तुले? अँब्युलन्समध्ये?"

अक्काचे शेवटचे शब्द. तिच्याजवळ तेव्हा मी एकटाच होतो. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

"आबा... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ती समोर उभी हाये, अन् कुणी सांगितलं काय इचारतो?" त्यांचा आवाज कातर झाला. "पोरीले म्हणा, आईचा आवाज काहाले काढते? तिले रडू द्या आता."

आम्ही दोघंही तिथंच खाली बसून रडलो. फिरणारी माणसं बाजूनं जात राहिली.

तीन महिन्यांनी आबाही गेले. त्यांना ते शब्द कसे कळले, मला आजही सांगता येत नाही. पण खरं सांगू? मला छळतं ते दुसरंच. त्या दुपारी मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो, डोळे धडधाकट... ती माझीही बहीण होती. मला का नाही दिसली?