बर्फाखालचा जवळा

साठ सालच्या आसपास शाळा सोडून आमच्या वैशाखरे गावाहून निघालो, जहाजावर कामाला लागलो. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जहाज बर्फात अडकलं. माझी बोटं बधिर पडत चालली. ती शाबूत घेऊन घरी पोचतो की नाही, हीच धास्ती.

रत्नागिरीकडच्या एका म्हाताऱ्या खलाशानं बर्फाचा तुकडा बादलीत काढून उलटा केला. त्याच्या तळाला धरलेल्या शेवाळावर जवळ्यासारखे, इवल्या कोलंबीसारखे बारीक जीव चरत होते.

"गारठून मरतील ना, काका!" म्हणत मी बादली शेगडीपाशी नेली. घरी कोंबडीची पिल्लं आमी अशीच शेकायचो.

"अरे, मारतोस काय! थंडीतच त्यांचं घर हाय." त्यानं बादली दूर सारली आणि माझेच हात शेगडीवर धरले. "तू जवळा नायस. शेक!"

बर्फ फुटेपर्यंत तो रोज तसाच मला बसवी.

घरी आईनं आधी माझे हात चाचपले. दहाही बोटं होती. त्या म्हाताऱ्या खलाशाचं नाव मात्र विचारायचं राहिलं.