अंगावरचा थर

प्रयोगशाळेतल्या काकांचा हात सव्वीस वर्षांत कधी चुकला नव्हता. समुद्राच्या पाण्यातले जिवाणू वाढवायचे, दोनदा हलकेच धुवायचे आणि त्यांना गिळणाऱ्या मोठ्या जिवांच्या नळीत सोडायचे, हे त्यांचं काम. त्यातली एक जात भारी वस्ताद. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे ती हमखास निसटायची. काका कौतुकानं म्हणायचे, "ही माझी बिलंदर पोरगी."

बायको गेल्यावर काका तीन आठवड्यांनी कामावर आले, आणि त्याच दिवशी बिलंदर पोरगी झाडून सगळी फस्त झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सूक्ष्मदर्शकातून दोनदा खात्री केली.

"काका, किती वेळा धुतलंत?"

"पाच-सहा वेळा. स्वच्छ व्हावं म्हणून."

"अहो, थरच निघून गेला की. दोनदाच धुवायचं, तेही हलक्या हातानं."

काकांनी नळी परत स्टँडमध्ये ठेवली. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला ते रोज स्वतः पुसून काढायचे, तिच्या अंगाला वास येतो असं कुणी म्हणू नये म्हणून चोळून चोळून. पाठीची नाजूक कातडी सोलवटली, जखम चिघळली आणि त्यातच ती गेली.

"नर्सबाईही हेच सांगत होत्या," काका म्हणाले. "हलक्या हातानं."