गयामावशी आणि तिचे बावीस दात

गयामावशीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम काळं असायचं. ती मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर जाळायची, कुटून डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा ओट्यावर बसून दातांवर फिरवत राहायची. गारखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्याकडे तवा तापला की आम्हाला ठसका लागायचा. मी कुरकुर केली की म्हणायची, "पोरी, हिच्यावरच तर टिकलेत माझे दात."

टिकले नव्हते. सत्तरी ओलांडली आणि हिरड्या सुजल्या, दोन दात हलायला लागले. तिचा मुलगा दिगंबर चिकलठाण्याला कारखान्यात सुपरवायझर. त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळे काढू आणि कवळी बसवू. सून मीराही सोबत होती. ती सहज बोलून गेली, "बरंच होईल. या वयात अजून किती दिवस सांभाळायचे?"

मावशी खुर्चीतून उठली, चपला घातल्या आणि एकटीच रिक्षानं घरी आली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली.

"माझी माय करमाडला ऱ्हायची. शेतात काय पेरायचं ते सगळे तिला पुसून करायचे. दात गेले अन् बोळकं झालं. मंग ती बोलाय लागली की पोरं तिची नक्कल करायची. हसता हसता तिला पुसायचंच बंद झालं. कोपऱ्यात बसून दुधात भाकर कुस्करायची, बस. मला तसं कोपऱ्यात जायचं नाय. तुझ्या वळखीचा दुसरा डॉक्टर हाय का?"

माझ्या ओळखीची एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एक्स-रे काढले, एकेक दात हलवून पाहिला. म्हणाली, "आजी, दोन जातील. उरलेले बावीस वाचवायचा प्रयत्न करू. हिरड्यांच्या आतली घाण मी काढते. पण मिसरी आजपासून बंद आणि दोन वेळा ब्रश. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

"माझं वय झालं म्हणून नाय ना गेले दात?"

"वयानं नाही. हिरड्या सडल्या म्हणून."

मावशीनं कमरेची डबी काढून टेबलावर आपटली. "घे. मागाय आले तरी देऊ नको."

पुढचे दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, ती सगळ्यांवर खेकसायची. ब्रश केला की रक्त यायचं, मीरा घाबरली. डॉक्टरीण म्हणाली, हात हलका ठेवा, पण थांबू नका. आठव्या दिवशी मावशी माझ्या दारात रडवेली उभी राहिली. "कुनाकडून तरी चिमूटभर आणून दे गं."  मी तोंड उघडायच्या आत तीच फणकारली, "नको! येवढ्या भुकटीची गुलाम व्हय मी?" आणि भर उन्हात गल्लीत फेऱ्या मारत राहिली.

रक्त हळूहळू थांबलं. गल्लीतल्या बायका मात्र थांबल्या नाहीत. मावशी आरशासमोर मान वाकडी करून दातांच्या फटींतून बारका ब्रश फिरवायला लागली की कुणीतरी विचारायचंच, "काय मावशी, लग्नबिग्न करायचंय का?"

"मला शेंगा खायच्यात. तू पी पेज," मावशी सुनावायची आणि पुन्हा आरशाकडे वळायची. दर सहा महिन्यांनी ती तपासणीला जायचीच. दिगंबरला सुट्टी नसेल तर एकटी.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला आत नेताना नर्सनं सवयीनं हात पुढे केला, "आजी, कवळी काढून द्या."

मावशी वेदनेनं कण्हत होती. तशातच ओठ फाकवून म्हणाली, "मपलेच हायेत. वढून बघ!" नर्स हसली, दिगंबर मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होता.

त्यानंतर ती दीडेक वर्ष जगली. शेवटी हातात ब्रश धरण्याइतकीही ताकद उरली नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा मीरा पलंगाच्या कडेला बसून तिचे दात घासत होती. चूळ वाटीत घेतली, तोंड पुसलं आणि ती उठायला लागली. मावशीनं तिचा पदर धरला. आवाज जवळजवळ गेला होता, दरारा नव्हता गेला.

"मागचे ऱ्हायले."

मीरा परत बसली आणि तिनं ब्रश उचलला.