आबांना हात लावायचा नाही

"आता हात नका लावू. आबा देव झाले."

मातीच्या पुतळ्यावर पाणी मारायला मी हात पुढे केला होता. आबांच्या थोरल्या मुलाने तो हवेतच धरला आणि बाजूला केला.

माझी शेड माले गावाच्या रस्त्यालगत आहे. हुबेहूब माणसं घडवणं हेच मी शिकले, तेच करते. त्याच्या वडिलांचा पुतळा चार महिने घडवत होते. त्या दिवशी घरचे माती पास करायला आले. थोरला म्हणाला, "आवो बाई, आबा आता खोकतील वाटतंय!" सगळे हसले. मीही हसले. मग मला न विचारताच त्यांनी हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. कच्ची माती ती. अजून त्यावरून ओतकामाचा साचा घ्यायचा होता. पण त्यांच्या लेखी प्रतिष्ठापना झाली.

"मग साचा कोण घेणार?" मी विचारलं.

"मिस्त्रीला घेऊ द्या. त्यो आपल्यातला हाय."

आपल्यातला. माझं आडनाव, आमची ओढ्यापलीकडची वस्ती, थोरल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. आबांचे ओठ, नाकपुड्या, कानाच्या पाळ्या मी याच बोटांनी बसवल्या. माती होती तोवर चाललं.

मिस्त्री माझ्याकडे कित्येक वर्षं कामाला आहे. खाली बघत म्हणाला, "ताई, मी घेतो की. कशाला वाढवताय?"

त्याच्यापेक्षा स्वतःचा राग आला. मी तरी आजवर काय केलं? आधीच्या पुतळ्यांच्या अनावरणाला मला मागच्या रांगेत बसवलं. गप्प. हार घालताना चौथऱ्याखालीच थांबवलं. गप्प. पुढचं काम हवं होतं.

स्टुलावर चढले. कपाळात तांदूळ रुतले होते. साच्यात तसेच उतरले असते. एकेक दाणा कोरणीने काढला. कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. खड्डे बुजवले आणि कपाळावरून अंगठा दाबून फिरवला.

"आवो, आवो! बाटवलं की आबांना!"

"आबांना मीच केलंय," मी म्हणाले. "साचा मीच घेणार. चौथऱ्यावर शेवटचा हातही माझाच फिरणार, गावासमोर. सोमवारपर्यंत तसं लिहून द्या. नाहीतर माती मोडते."

थोरला तणतणत गेला. अजून काही लिहून आलेलं नाही.

सोमवारपर्यंत पुतळ्यावरची फडकी ओली ठेवीन. त्यानंतर माती कापायची तार घेईन आणि मानेपासून सुरुवात करीन.