दूधवाल्याचं पाच लाखांचं नाणं

आमच्या देवास गेट बाजारातल्या भाजीवालीने मला ते दोन रुपयांचं नाणं दोनदा परत केलं. त्याच्यावरचा छाप एका बाजूला सरकला होता आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरीच राहिली होती. “खोटा है मैडम, नहीं चलेगा,” ती म्हणाली. मी तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं आहे. पुराव्याशिवाय कशालाही खोटं म्हटलेलं मला सहन होत नाही. कोथिंबीर तिथेच ठेवून मी फ्रीगंजला जुनी नाणी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेले. त्याने नाणं भिंगातून पाहिलं, तोलून पाहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. छापाचा ठोका टाकसाळीतच चुकला होता, म्हणजे नाणं अस्सल होतं. त्याने बाराशे रुपये देऊ केले. मी नाणं विकलं नाही, पण परत जाऊन भाजीवालीला ही गोष्ट सांगितली. तिथेच चुकलं.

महिन्याभरात अर्धं देवास गेट आमच्या दारात येऊ लागलं. कुणी कानशीने घासलेली नाणी आणायचं, कुणी हातोड्याने ठोकलेली. एकाने तर दोन नाणी अर्धी अर्धी कापून चिकटवली होती, दोन्हीकडे सिंह. मी एक छोटा डिजिटल काटा घेतला, भिंग घेतलं. नवरा बँकेतून रिटायर झालेला. तो याला माझी ओपीडी म्हणायचा. नोकरीत आपण अशी किती नाणी खराब म्हणून बाजूला काढली असतील याचा त्याने एकदा अंदाज केला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

निकाल देताना माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. माणूस खोटं बोलेल, वजन खोटं बोलत नाही.

आमचा दूधवाला हे वाक्य बरेच दिवस ऐकत होता. त्याचं माझं नातं जरा नाजूक आहे, कारण गेली पंधरा वर्षं मी त्याच्या दुधात अधूनमधून लॅक्टोमीटर बुडवते. एका सकाळी त्याने पातेल्यात दूध ओतलं आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं होतं. खरं म्हणजे पूर्वी जाड असलेलं. आता ते लांबट, पुरीसारखं पातळ झालं होतं आणि सिंहांची तोंडं ताणून घोड्यांसारखी दिसत होती. मोबाइलवर कुणीतरी असं नाणं पाच लाखांचं सांगितलं होतं. तो एका गावी जाऊन दोन म्हशी पसंतही करून आला होता.

मी नाणं काट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम. या नाण्याचं खरं वजन तेवढंच असतं.

“आप ही तो कहती हैं, वजन झूठ नहीं बोलता,” तो शांतपणे म्हणाला.

नाणं कुठे मिळालं ते मी विचारलं. रेल्वेच्या फाटकाजवळ, असं त्याने अगदी निरागसपणे सांगितलं. मी समजावलं, की हे रुळावर चेपलं गेलंय. चेपल्याने धातू पसरतो, कमी होत नाही, म्हणून वजन तेवढंच राहतं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, रुळावर तर पुष्कळ नाणी येत असतील, सगळी कुठे अशी सुंदर होतात. शेजारी बसलेला नवरा हसू दाबत, पेपर घेऊन घाईने आत गेला.

मी दुधातल्या पाण्याचा राग नाण्यावर काढतेय, अशी दूधवाल्याची खात्रीच झाली. बोलणं बंद. आणि मला खोटं पाडायचं म्हणून त्याने आठवडाभर असं निर्भेळ दूध घातलं, की आमच्याकडे पहिल्यांदाच बोटभर साय आली. नवरा म्हणाला, आता तू त्याची समजूत काढू नकोस.

पण मला चैन पडेना. शेवटी मीच म्हटलं, चल, फ्रीगंजला दाखवू. त्याच्या मोटरसायकलवर, दोन रिकाम्या कॅनच्या मधे गुडघे आखडून मी सगळ्या बाजारातून गेले. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी मला ओळखलं आणि ओळख न दाखवण्याचा समजूतदारपणा केला.

दुकानदाराने नाणं नुसतं हातात फिरवलं. “भैया, टकसाल में बिगड़े तो दाम मिलता है, बाहर बिगड़े तो कबाड़।”

दूधवाल्याचं तोंड इतकं उतरलं, की मला वाईट वाटलं. त्याच्याकडे गिऱ्हाइकांच्या सुट्ट्या पैशांची पिशवी होती. ती मी काउंटरवर ओतून घेतली आणि एकेक नाणं उलटून पाहू लागले. पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटलं तर मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तासाभराने एक रुपयाचं असं नाणं निघालं, ज्याची मागची बाजू आडवी झोपली होती. टाकसाळीतच फिरलेला साचा. दुकानदाराने तपासलं, मान डोलावली आणि साडेतीनशे सांगितले. मी आनंदाने दूधवाल्याकडे पाहिलं.

“पाँच लाख से साढ़े तीन सौ पर ले आईं आप,” तो म्हणाला, आणि ते नाणं उचलून त्याने परत पिशवीत टाकलं. ते विकणं म्हणजे म्हशींचा अपमान, असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. मी हाका मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याशी बोलला, दूधही पूर्वीसारखंच पातळ होतं. तो एक रुपया मात्र सकाळी कुणाला तरी सुट्ट्यात गेला होता. कुणाला, ते त्याला आठवत नव्हतं. मी नवऱ्याला चपला घालायला लावल्या आणि आम्ही दोघं कॉलनीत दारोदार हिंडलो, की आज दूधवाल्याने दिलेले रुपये जरा दाखवता का. ते नाणं कुठेच सापडलं नाही. शेवटच्या घरातल्या काकूंना कमी ऐकू येतं. त्यांनी आम्हाला वर्गणीवाले समजून अकरा रुपये दिले. त्यातला एक रुपया मी त्यांच्या दारातच उलटून पाहिला. सरळ होता. नवऱ्याने तोवर दहाची नोट घडी करून खिशात घातली होती. ती परत द्यायला लावताना मला बरंच मोठ्याने बोलावं लागलं.