सुमनची सकाळची गोळी

“हार्ट फेल्युअर आहे,” सावेडीचे डॉक्टर म्हणाले. माझी धाकटी जाऊ सुमन लगेच म्हणाली, “फेल? मंग मी बोलतीय कशी?” डॉक्टर हसले. हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय, म्हणाले. त्याला रक्त नीट ढकलता येत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. तिच्या पायावर बोट दाबलं की खड्डाच राहायचा.

मग डाययुरेटिक दिलं, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. ती किडनीत काम करते. किडनी रक्त गाळते आणि गाळलेलं मीठ-पाणी बहुतेक सगळं परत रक्तात घेते, हे मला तिथंच कळलं बघा. गोळी त्या मिठाला परत फिरू देत नाही. मीठ निघालं की त्याच्यामागं पाणीही निघतं. सकाळी घ्यायची, म्हणजे रात्री झोपमोड होत नाही.

सूज उतरली. चपला पायात बसायला लागल्या. एवढ्यात कांद्याची काढणी आली अन् सुमन टेम्पोतून बायकांबरोबर कामाला जाऊ लागली. पाय परत फुगले. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायची.

डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडत नाही, डोस वाढवू. तेव्हा सुमन माझ्या कानाशी लागली. “अक्का, कामाच्या दिशी मी घेतच न्हाई. उघडं रान, झाड न्हाई का झुडूप न्हाई. सारखी सारखी कुठं बसू? बांधावर मुकादम हुबा.”

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहायला घेतलेली चिठ्ठी बाजूला ठेवली. “दुपारी घरी आल्यावर घेतली असती तरी चाललं असतं हो. मीच विचारायला पाहिजे होतं.”

“तुमी बाप्या माणूस,” सुमन म्हणाली, “तुमाला कसं सांगू?”

अॅडमिट केलं. तेच औषध शिरेतून दिलं. पिशवीत लघवी उतरली, धाप कमी झाली, चहा मागून प्यायली. मला वाटलं, जिंकलो. पण हृदय फार थकलं होतं. पहाटे गेली माझी सुमन.

बायांनो, तुमचा दिवस कसा जातो ते डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ बदलता येते. आपल्या मनानं बंद करू नका.

तिचं दिवसपाणी झाल्यावर मी मुकादमाला म्हटलं, रानात आडोसा कर. त्यानं तोंड फिरवलं. मग चार काठ्या रोवून मीच केला, सुमनच्या दोन साड्यांचा. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या. दुसऱ्या दिवशी एक गेली, मग दुसरी.