मागच्या गाडीचा ब्रेक

माझे भावोजी जयवंत एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाले आणि जूचंद्रच्या घरात महिनाभरही टिकले नाहीत. जन्मभर लोकांना त्यांच्या गावी पोचवलं, आता स्वतःचं घरच चालवत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. जुनी मिनीबस घेतली, तिच्यात पलंग, ओटा आणि मोरी बसवून घेतली. बस गावातल्या बोळात शिरणार नाही, म्हणून घरची पिकअप मागे जोडायची आणि तिच्याच चाकांवर ओढत न्यायची. जायचं थेट गोकर्णाला, दोघांनीच.

माझी थोरली बहीण यमुनाताई हौसेने लोणच्याच्या बरण्या बांधत होती. मला मात्र ब्रेकची धास्ती होती. भरलेली बस उतारावर थांबवणं आधीच अवघड, त्यात मागून पिकअप ढकलणार.

वालीवला मेकॅनिक हर्षवर्धनच्या गाळ्यात जोडायचा दांडा तयार झाला. त्याने ब्रेकचे दोन प्रकार दाखवले. एक पेटी होती. ती पिकअपच्या पेडलसमोर ठेवायची, बस हळू झाली की ती आपोआप पेडल दाबते. दुसरा कायमचा बसवायचा. बसच्या ब्रेकची हवा नळीने मागे न्यायची, म्हणजे पुढे पाय पडला की मागेही ब्रेक लागतो.

भावोजींनी दोन्हींवरून मान फिरवली. "कशाला पायजे? मागं मानूस बसला का झाला. बंद पडलेली गाडी आपन कशी आनतो?"

आपल्याकडची रीत तीच, हे खरं. दोर बांधायचा, मागे कुणीतरी स्टिअरिंगवर बसायचं आणि पुढच्याने हॉर्न दिला की ब्रेक मारायचा. पण तशी गाडी नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत न्यायची असते, गोकर्णापर्यंत नाही!

"मागं बसणार कोण?" मी विचारलं.

"यमुना हाय ना. लायसन हाय तिच्याकं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर पुढे चालणार आणि घरवाली मागे एकटी! शेजारी उभ्या ताईने मात्र मान डोलावली. इतकी वर्षं भावोजी पुढे निघून जायचे आणि ही मागचं सगळं सांभाळायची, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नसावं. शेवटी मीच म्हटलं, आधी एका उतारावर करून बघू.

रविवारी खदानीकडे उतरणारा रस्ता रिकामा होता. खाली वळण, आणि वळणापलीकडे पाण्याने भरलेली खदान. मी आणि हर्षवर्धन भावोजींबरोबर बसमध्ये बसलो, ताई मागे पिकअपमध्ये. उतार लागला तसा भावोजींनी हॉर्न दिला आणि मागची गाडी शहाण्यासारखी आवरली. पुन्हा हॉर्न, पुन्हा आवरली. मग उतार वाढला. भावोजींनी हॉर्न दिला आणि मागून असा धक्का बसला की मी काचेवरच गेलो.

"दाबत कशी नाय ही?" भावोजी ओरडले. त्यांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

मी आरशात पाहिलं. ताई सीटवरून अर्धी उठली होती, स्टिअरिंगला धरून सगळं अंग पेडलवर टाकत होती. पिकअप तरी ढकलतच होती. वळण समोर आलं. मला वाटलं, संपलं. भावोजींनी गिअर खाली आणला, ब्रेक तळापर्यंत दाबला आणि पुढचं चाक मातीत उतरून बस थांबली.

भावोजी धावत मागे गेले. ताईचा पाय पेडलवरच होता.

"पाय काड, यमुने."

"निगत नाय."

ते रस्त्यावर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी तिचा पाय बाजूला घेतला. "मी दाबला वो," ती रडत म्हणाली, "लय दाबला. पेडल दगड झाला."

"तुमची चूक नाही, काकी," हर्षवर्धन म्हणाला. "इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरचा जोर संपतो. मग पेडल कडक होतं. दोराने ओढताना बैलगाडीसारखे जातो, म्हणून निभतं."

ताईने पदराने तोंड पुसलं. "तुजी पेटी पन तोच पेडल दाबनार ना?"

"हो. जोर जास्त लावते, पण पेडल कडकच. नळीच्या सेटमध्ये बूस्टरही चालू राहतो."

"मंग नली लाव." तिने भावोजींना विचारलंसुद्धा नाही. "आनि मागं मी बसनार नाय. कोनीच बसनार नाय."

भावोजी खाली मान घालून तिच्या चपला शोधत होते.

निघाले त्या दिवशी ठाण्यापर्यंत मीही बसमध्ये होतो. ताई पुढे, भावोजींच्या शेजारी. घोडबंदरच्या घाटात उतार लागला, पुढे ट्रक थांबला आणि भावोजींनी ब्रेक दाबला. सवयीने त्यांचा हात हॉर्नवर गेला. मागची पिकअप मुकाट्याने हळू झाली. तिच्यात कुणी नव्हतं. पण ताईचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर गच्च रोवला गेला होता.

तिने आपल्या पायाकडे पाहिलं, मग भावोजींकडे.

"हारन कोनाला देता?" ती म्हणाली. "मी तं इकरं हाय."